स्वमग्न मुले आणि संगीताचा तास

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे हमरस्ते आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. तेथून पुणे गाठणे अवघड नाही. परंतु स्वमग्न मुलाशी संवाद जोडणे हे रोजचे काम आहे आणि ते गावच्या शाळेतच व्हावयास हवे.

येथे संगीत उपयोगी पडेल. गुरुजींनी ढोलकीवर हलकेच थाप द्यावी, मुलाने ती ऐकून उलट थाप द्यावी. ऐकणे, थांबणे, उत्तर देणे हीच संभाषणाची पहिली पायरी होय. तमाशाची पंढरी नारायणगाव शेजारी असता वादकांची वाण पडू नये. मात्र मोठा आवाज ज्याला सोसवत नाही, त्या मुलावर सक्ती नको.

संगीताने स्वमग्नता 'बरी' होते, असा डांगोराही कोणी पिटू नये. माँट्रियल येथील ५१ मुलांच्या प्रयोगात (२०१८) संगीताने संवाद सुधारल्याचे पालकांनी नोंदविले. उलट नऊ देशांतील ३६४ मुलांच्या चाचणीत (२०१७) सामाजिक लक्षणांत विशेष फरक दिसला नाही. तेव्हा अपेक्षा बेताचीच ठेवावी. प्रयत्न मात्र सोडू नये.

१९९५ च्या कायद्यात नसलेली स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली. प्राथमिक वर्गांत दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे केंद्र शासनाने २०२२ साली ठरविले. तो शिक्षक आळेफाट्याच्या शाळांत पोहोचावा आणि त्याच्या वेळापत्रकात संगीताचा तास असावा, अशी आमची शासनाकडे व जिल्हा परिषदेकडे आग्रहाची मागणी आहे. कायद्याने दिलेला हक्क मुलाला शहरात जाऊन शोधावा लागू नये.