मूठभर दाणे, पण निवडलेले



2025 च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली आणि आपला समाज रस्त्यावर उतरला. आपल्याकडेही, तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत, हा विषय निघतोच. माझं मत स्पष्ट आहे. पोतं रिकामं केलं म्हणजे जीवदया झाली, असं नाही. आपण पाणी गाळतो, पीठ चाळतो. तीच जयणा पक्ष्यांच्या दाण्यालाही हवी.

टोके लागलेली ज्वारी ‘पक्षी खातील’ म्हणून गच्चीवर ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. रानात पक्षी किडे खातातच, तो त्यांचा स्वभाव. पण आपल्या हाताने जीव त्यांच्या चोचीपुढे ठेवायचे का? माझ्या मते, नाही. जे धान्य आपण निवडल्याशिवाय दळत नाही, ते निवडल्याशिवाय घालूही नये.

दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंगणात सांडलेल्या ज्वारी-बाजरीला बघता बघता बुरशी येते, कोंब फुटतो. कोंब म्हणजे अनंतकाय! चातुर्मासात आपण ताटात इतकं जपतो आणि अंगणात तेच उगवू देतो. म्हणून पावसाळ्यात तांदळाची कणी बरी. मावळात इंद्रायणी पिकतो, गिरणीत कणी सहज मिळते. सडलेल्या तांदळाला कोंब फुटत नाही. तीही आडोशाला, चिमूटभरच; कारण या दिवसांत रानात पक्ष्यांना भरपूर मिळतं. उन्हाळ्यात मात्र बाजरी, राळा आणि रोज बदललेलं पाणी ठेवावं.

राहिला कबुतरांचा प्रश्न. ढीगभर ज्वारी दिसली की कबुतरांचे थवे जमतात आणि चिमण्या मागे हटतात. शिवाय त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ काहींच्या फुप्फुसांना बाधते. शेजारच्या सासूबाईंचा दमा हाही जीवाचाच प्रश्न आहे. कबुतरांचा द्वेष नको, पण त्यांची गर्दी वाढवणंही नको. भाताच्या लोंब्यांची जुडी दाराशी टांगा. चिमण्या आणि ठिपकेदार मुनिया लोंबीला लटकून दाणे टिपतात. कबुतराला तिथे बसता येत नाही.

आणि आपल्या चौविहारासारखाच एक नियम करा: सूर्यास्ताआधी संपेल एवढंच घालायचं, उरलेलं झाडून घ्यायचं. मूठभर दाणे पुरतात. त्यामागे लक्ष मात्र रोजचं हवं.