मेल्डोनियम आणि अर्जातील कोरा रकाना

७ मार्च २०१६ रोजी मारिया शारापोव्हा हिने लॉस एंजेलिसमधील एका हॉटेलात पत्रकारांना बोलावले, तेव्हा ती निवृत्ती जाहीर करणार असाच बहुतेकांचा कयास होता. निवृत्त व्हायचे असते तर इतका कुरूप गालिचा अंथरलेली खोली आपण निवडली नसती, असा विनोदही तिने केला. प्रत्यक्षात बातमी वेगळीच निघाली. त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन खुल्या टेनिस स्पर्धेत २६ जानेवारीला घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात मेल्डोनियम हे द्रव्य सापडले होते. हे औषध आपण डॉक्टरांच्या सल्ल्याने २००६ पासून घेत आलो. आपणास ते ‘मिल्ड्रोनेट’ या नावानेच ठाऊक होते. बंदी घातलेल्या द्रव्यांची नवी यादी डिसेंबरात पत्राने कळविण्यात आली होती, परंतु ती आपण उघडून पाहिली नाही, असे तिने सांगितले. पाच ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे मिळविलेल्या या खेळाडूपासून तिचे काही बडे प्रायोजक एका दिवसाच्या आत दूर सरले.

तोपर्यंत मेल्डोनियम हे नाव आमच्याप्रमाणेच बहुतेक वाचकांनी ऐकलेही नसेल. पुढच्या पाच आठवड्यांत ते सर्वतोमुखी झाले. १,५०० मीटर शर्यतीची २०१३ ची जगज्जेती, मूळची इथिओपियाची व स्वीडनकडून धावणारी अबेबा अरेगावी, रशियन जलतरणपटू युलिया एफिमोवा, बर्फावरील नृत्यात नाव कमावलेली येकातेरिना बोब्रोवा, शिवाय कित्येक कुस्तीगीर, सायकलपटू आणि व्हॉलीबॉलपटू यांची नावे एकामागून एक बाहेर आली. १३ एप्रिलला जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, १ जानेवारीपासून सापडलेल्या दोषी नमुन्यांची संख्या १७२ असल्याचे जाहीर केले. एकाच द्रव्याने साडेतीन महिन्यांत इतके खेळाडू पकडले जावेत, हे अघटितच म्हटले पाहिजे.

या जुन्या प्रकरणाकडे पुन्हा वळण्याचे कारण असे की, दर वर्षी १ जानेवारीला अशी नवी यादी लागू होते आणि कोणी पकडला गेला की तीच दोन उत्तरे ऐकू येतात. खेळाडू म्हणतो, ‘मला माहीत नव्हते.’ अधिकारी म्हणतात, ‘नियम तो नियम.’ आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत आणि मेल्डोनियमच्या कथेत ते जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

हे औषध लॅटव्हियातील रिगा शहरात, तेथे सोव्हिएत सत्ता असताना, इवार्स काल्विन्श या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. हृदयाच्या स्नायूला रक्त, पर्यायाने प्राणवायू, कमी पडतो अशा रुग्णांना ते देतात. त्याचे कार्य सोप्या शब्दांत असे सांगता येईल. शरीर इंधन म्हणून चरबीही जाळते व साखरही. तेवढीच ऊर्जा मिळवायला चरबीला साखरेपेक्षा अधिक प्राणवायू लागतो. चरबी पेशीतील भट्टीपर्यंत वाहून नेण्याचे काम कार्निटिन नावाचा पदार्थ करतो आणि मेल्डोनियम शरीरात या कार्निटिनची निर्मितीच कमी करते. साहजिकच हृदय साखरेकडे वळते आणि उपलब्ध प्राणवायू काटकसरीने वापरते. अफगाणिस्तानच्या विरळ हवेत लढणाऱ्या सोव्हिएत सैनिकांना हे औषध दिले जात असे, असे काल्विन्श यांनीच सांगितले आहे. रशिया व पूर्व युरोपात ते साध्या औषधाच्या दुकानात मिळत असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र त्याला कधी मान्यता दिलेली नाही आणि शारापोव्हा बालपणापासून अमेरिकेतच राहत होती. औषध तयार करणाऱ्या ग्रिंडेक्स कंपनीच्या सांगण्यानुसार उपचाराचा एक क्रम साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो व तो वर्षातून दोन-तीनदा घेता येतो. शारापोव्हाने ते सुमारे दहा वर्षे घेतले.

धडधाकट माणसाला त्याचा कितपत लाभ होतो, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. काल्विन्श यांनी तर बंदीला उघड विरोध केला. वाडाच्या नियमानुसार मात्र लाभ सिद्ध व्हावाच लागतो असे नाही. कामगिरी वाढविण्याची शक्यता, आरोग्यास धोका आणि खिलाडूवृत्तीचा भंग, या तीन कसोट्यांपैकी कोणत्याही दोन लागू पडल्या तरी द्रव्य यादीत जाऊ शकते. २०१५ हे पूर्ण वर्ष मेल्डोनियम निरीक्षणाखाली होते. नमुने तपासले जात, पण कोणाला शिक्षा होत नसे. त्या वर्षी जूनमध्ये अझरबैजानच्या बाकू शहरात युरोपीय क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे चाचणी झालेल्या खेळाडूंपैकी ६६ जणांच्या, म्हणजे ८.७ टक्के खेळाडूंच्या, नमुन्यांत मेल्डोनियम आढळले. त्यांत १३ पदकविजेते वा स्पर्धाविजेते होते. आपण हे औषध घेतो अशी नोंद करणारे मात्र अवघे २३ खेळाडू होते. या आकड्याकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ.

आधी नियम करणाऱ्यांविषयी. सेमिनरीत कॅनन लॉ शिकताना जे प्रारंभीचे धडे आम्ही गिरविले त्यांत एक असा होता की, कायदा लोकांपुढे जाहीर झाल्याखेरीज तो कायदा ठरत नाही आणि जाहीर झाल्यावरही लोकांना तो समजून घ्यायला अवधी द्यावा लागतो. सार्वत्रिक ख्रिस्तसभेचे कायदे व्हॅटिकनच्या अधिकृत पत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांनी अमलात येतात. योगायोग असा की, वाडाची यादीही सप्टेंबरअखेर प्रसिद्ध होऊन १ जानेवारीला लागू झाली; अवधी तोच, तीन महिन्यांचा. तेव्हा वेळ दिला नाही, अशी तक्रार करता येणार नाही. उणीव राहिली ती दुसरीकडे. हे औषध घेणे थांबविल्यावर शरीरातून पूर्णपणे बाहेर पडायला किती दिवस लागतात, याचा पुरेसा अभ्यास नियम लागू होण्यापूर्वी झालेलाच नव्हता. औषध काही दिवसांत निघून जाईल असा समज होता. प्रत्यक्षात त्याचा अल्पसा अंश आठवडेच्या आठवडे, काहींच्या शरीरात महिनोन् महिने रेंगाळतो, असे पुढे दिसून आले. म्हणजे ज्याने नियमाचा मान राखून डिसेंबरात शेवटची गोळी घेतली, तोही फेब्रुवारीत दोषी ठरू शकत होता. कोठाराची चावी वेळेवर परत करणाऱ्याला, त्याच्या कपड्यांना अजून धान्याचा वास येतो म्हणून चोर ठरवावे, तसला हा प्रकार.

१३ एप्रिलच्या त्याच पत्रकात वाडाने ही चूक एक प्रकारे मान्य केली. १ मार्चपूर्वीच्या नमुन्यात द्रव्याचे प्रमाण दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमहून कमी असेल, तर खेळाडूकडे दोष नाही असे मानण्याची मुभा देण्यात आली. त्यानंतर बऱ्याच जणांवरील निलंबन उठले. अरेगावीवरील निलंबन जुलै महिन्यात मागे घेण्यात आले आणि रिओची ऑलिंपिक स्पर्धा ५ ऑगस्टला सुरू व्हायची होती. धावपटूचे वसंत ऋतूतील सरावाचे महिने कोणताही लवाद परत देऊ शकत नाही. एफिमोवा रिओला गेली व तिने दोन रौप्यपदकेही मिळविली. परंतु ती पाण्यात उतरताना प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली. तिच्यावर पूर्वी दुसऱ्या एका द्रव्यासाठी बंदी आली होती हे खरे. तरीही मेल्डोनियमच्या बाबतीत निर्दोष ठरलेल्या व्यक्तीचे ते स्वागत होते.

शारापोव्हाची गोष्ट निराळी होती. तिने १ जानेवारीनंतरही औषध घेतल्याचे स्वतः कबूल केले. ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक सामन्यापूर्वी घेतले. प्रश्न उरला तो दोष किती याचा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या लवादाने ८ जून २०१६ रोजी दोन वर्षांची बंदी सुनावली. तो निर्णय वाचताना आम्हांस शिक्षेपेक्षा त्यातील तपशील अधिक बोलका वाटला. ज्या डॉक्टरांनी हे औषध सुचविले, त्यांच्या यादीत कालांतराने सुमारे ३० औषधे व पूरक द्रव्ये झाली होती. २०१२ अखेर तिने त्या डॉक्टरांचा सल्ला घेणे सोडले. औषधांतील तीन मात्र तिने स्वतःच चालू ठेवली व त्यांत मिल्ड्रोनेट होते. आपल्या प्रशिक्षकाला, आहारतज्ज्ञाला वा नंतरच्या कोणत्याही डॉक्टरला तिने हे सांगितले नाही. ठाऊक होते ते वडिलांना आणि व्यवस्थापकाला. व्यवस्थापक दर वर्षी सुटीत समुद्रकिनारी बसून यादी पडताळीत असे, परंतु त्या वर्षी घटस्फोटाच्या गडबडीत सुटी झाली नाही म्हणून यादी वाचायची राहिली, हे स्पष्टीकरण लवादाला पटले नाही. आम्हांसही ते पटत नाही. कोट्यवधी डॉलरचा व्यवहार सांभाळणाऱ्या मंडळींना ते पत्र वाचायला समुद्रकिनारा लागावा, हे विलक्षणच.

याहून महत्त्वाची बाब चाचणीच्या अर्जाची. नमुना देताना प्रत्येक खेळाडू एक अर्ज भरतो. अलीकडच्या काही दिवसांत कोणती औषधे व पूरक द्रव्ये घेतली, हे लिहायला त्यात रकाना असतो. ऑक्टोबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात शारापोव्हाने असे सात अर्ज भरले आणि एकावरही मेल्डोनियमची नोंद केली नाही. यांतील बहुतेक अर्ज औषधावर बंदी नसतानाचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा लिहिले असते तर तिचे काहीही बिघडले नसते. उलट औषध खरोखरच प्रकृतीसाठी होते, याचा तो उत्तम पुरावा झाला असता आणि बंदी आल्यावर उपचारासाठी सवलत मागण्याची वाटही मोकळी राहिली असती. घेतली जाणारी प्रत्येक गोळी लिहिणे आवश्यक आहे असे आपणास वाटले नाही, असे तिचे म्हणणे होते.

येथे बाकूचे ते आकडे पुन्हा आठवतात. पकडले गेले ६६, नोंद करणारे २३. हे वर्ष २०१५ होते. औषध पूर्णपणे नियमात बसणारे होते. जे वैध आहे ते लिहायला इतक्या जणांचा हात का आखडावा? काहींनी निष्काळजीपणा केला असेल, काहींना भाषेची अडचण आली असेल. सर्वांचे तेच कारण असेल असे मानणे मात्र आम्हांस जड जाते. हृदयविकाराचे औषध ऐन पंचविशीतील निरोगी पैलवान घेत आहे, हे कागदावर आले की ‘कशासाठी?’ हा प्रश्न येणारच. नियमाला तो प्रश्न पडायला १ जानेवारी २०१६ उजाडावे लागले. माणसाला तो आधीच पडलेला असतो. ‘माहीत नव्हते’ हे उत्तर तारखेपुरते खरे असू शकते, आणि शारापोव्हाला बंदीची माहिती नव्हती हे लवादानेही मान्य केले. परंतु सामन्याच्या दिवशी मात्रा घेण्याची ती पद्धत प्रकृतीसाठी नसून शक्तीसाठी होती, असाही निष्कर्ष त्याच लवादाने काढला.

तिने वरच्या क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली. तेथील पंचांनी ४ ऑक्टोबर २०१६ रोजी बंदी १५ महिन्यांवर आणली. हे फसवणूक करणाऱ्या खेळाडूचे प्रकरण नव्हे, प्रश्न केवळ निष्काळजीपणाच्या प्रमाणाचा आहे, असे त्यांनी म्हटले आणि यादीत मोठा बदल होतो तेव्हा औषधाच्या दुकानातील प्रचलित नावांसह खेळाडूंना सावध केले पाहिजे, अशी समजही संबंधित संस्थांना दिली. हा निर्णय आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. एप्रिल २०१७ मध्ये ती पुन्हा खेळू लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्त झाली.

आपल्याकडेही असा एक प्रसंग घडून गेला आहे. मेथिलहेक्झानअमाइन हे उत्तेजक २०१० च्या यादीत नव्याने आले आणि त्याच वर्षी, दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर असताना, कुस्ती व जलतरणातील काही भारतीय खेळाडू त्यात अडकले. हे द्रव्य व्यायामशाळांत खपणाऱ्या पूरक आहाराच्या डब्यांतूनही येत असे. त्या खेळाडूंपाशी शारापोव्हासारखी वकिलांची फौज नव्हती, व्यवस्थापकही नव्हते आणि इंग्रजीतील रासायनिक नावांची यादी समजावून सांगणारे कोणी होते की नाही, कोण जाणे. कायद्याचे अज्ञान ही सबब नाही हे तत्त्व आम्ही मानतो. परंतु ते सर्वांवर सारख्याच वजनाने पडत नाही.

सर्वांत अस्वस्थ करणारी बातमी एप्रिल २०१६ मध्ये आली आणि तिची म्हणावी तितकी चर्चा झाली नाही. १८ वर्षांखालील मुलांच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेसाठी निघालेला रशियाचा संघ ऐनवेळी संपूर्ण बदलण्यात आला व त्याजागी १७ वर्षांखालील मुले अमेरिकेला पाठविण्यात आली. मेल्डोनियम हेच त्याचे कारण असल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. सतरा वर्षांचा मुलगा हृदयाचे औषध स्वतःच्या बुद्धीने शोधून आणत नाही. त्याला ते कोणीतरी देतो, बहुधा वडीलधाऱ्याच्या विश्वासाने देतो, आणि मुलगाही तितक्याच विश्वासाने घेतो.

पुढे त्याच देशातील कामिला वालियेवा हिचे प्रकरण जगाने बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धेत, २०२२ मध्ये पाहिले. २५ डिसेंबर २०२१ रोजी घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन सापडले. हेही हृदयरोग्यांचेच औषध, पूर्वीपासून बंदी असलेले. ते आजोबांच्या औषधातून चुकून आले असावे, असा बचाव करण्यात आला. तो मान्य न होता जानेवारी २०२४ मध्ये तिच्यावर, नमुन्याच्या तारखेपासून मोजून, चार वर्षांची बंदी आली. तिच्या चाचणीच्या अर्जातील रकाना कोरा नव्हता. त्यात कार्निटिन आणि हायपॉक्सेन ही हृदयाला बळ देतात म्हणून घेतली जाणारी दोन द्रव्ये रीतसर लिहिलेली होती, आणि दोन्ही तेव्हा वैध होती. वालियेवा त्या वेळी १५ वर्षांची होती.