नदी स्वतःला किती धुणार?

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य आहे, पण त्याला अटीही आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित ठरले. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रात होते. म्हणूनच या अटी समजून घ्यायला हव्यात.

पालापाचोळा, माती आणि शेवाळ कुजून त्यांचा काही अंश पाण्यात विरघळतो. चहाच्या अर्कासारखा तो पाण्याला पिवळसर-तपकिरी छटा देतो आणि फडक्याने गाळूनही निघत नाही. हेच ‘विरघळलेले सेंद्रिय पदार्थ’. ऊन पडले की ते प्रकाश शोषून उत्तेजित होतात. मग ते कीटकनाशके किंवा औषधांच्या रेणूंवर थेट हल्ला करतात, किंवा पाण्यातील ऑक्सिजनला अधिक आक्रमक रूप देऊन त्याच्याकरवी ते रेणू तोडतात.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळच्या ग्राइफेनझे तलावात हे तपासले गेले आहे. आयसोप्रोट्युरॉन, डाययुरॉन यांसारखी तणनाशके तिथे या पदार्थांच्या मदतीने, उन्हात विघटित होत असल्याचे आढळले. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोष्ट वेगळी. ते स्वतःच प्रकाश शोषून तुटते. १९९८ च्या अभ्यासानुसार तलावात आलेल्या डायक्लोफेनॅकचा बहुतांश भाग उन्हानेच नाहीसा होत होता. म्हणजे हेच पदार्थ एका प्रदूषकाच्या विघटनाला मदत करतात, तर दुसऱ्याच्या वाट्याचा प्रकाश अडवतात.

आपल्या अडचणीचे मूळ इथेच आहे. हे सारे काम पाण्याच्या वरच्या, उजेड पोहोचणाऱ्या थरात चालते. पावसाळ्यात पाणी गढूळ होते, तर उन्हाळ्यात पवना, इंद्रायणी, पंचगंगेवर जलपर्णीची चादर पसरते. तिच्याखाली ऊन पोहोचणार कसे? शिवाय रेणू तुटला म्हणजे धोका टळला, असेही नाही. ट्रायक्लोसान या जंतुनाशकापासून उन्हात डायऑक्सिन गटातील एक पदार्थ तयार होऊ शकतो. नॉनस्टिक भांड्यांच्या उद्योगात वापरल्या गेलेल्या ‘पीएफएएस’ रसायनांपुढे तर सूर्यप्रकाशाचे फारसे काही चालत नाही.

दुसरी बाजू थेट आपल्या नळाशी जोडलेली आहे. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या पाण्यात क्लोरीन मिसळले की क्लोरोफॉर्मसारखी उपउत्पादने तयार होतात. १९७४ मध्ये नेदरलँड्सचे योहानेस रूक यांनी हे दाखवून दिले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणून क्लोरीन बंद करायचे का? मुळीच नाही. कॉलरा, कावीळ, टायफॉइड यांचा धोका कितीतरी मोठा आणि तातडीचा आहे. उपाय क्लोरीनच्या आधीच्या टप्प्यात आहे. तुरटीने गाळ नीट बसवला की गाळाबरोबर सेंद्रिय पदार्थांचाही मोठा भाग खाली जातो. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की नुसते क्लोरीन वाढवण्यापेक्षा हा टप्पा काटेकोर पाळणे महत्त्वाचे.

नदीचे प्रदूषित पट्टे आपण ‘बीओडी’वरून, म्हणजे सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून ठरवतो. हा निकष उपयुक्त आहे, पण पाण्यात कोणती औषधे आहेत, कोणती कीटकनाशके आहेत, हे तो सांगत नाही. निदान पिण्यासाठी पाणी उचलले जाते त्या ठिकाणी एकूण सेंद्रिय कार्बन आणि क्लोरीनची उपउत्पादने नियमित मोजून आकडे जाहीर व्हायला हवेत.

नदीची स्वतःला धुण्याची ताकद खरी आहे, पण ती मर्यादित आहे. सांडपाणी प्रक्रिया न करता सोडायचे आणि उरलेले काम उन्हावर सोपवायचे, हा हिशेब जुळणारा नाही. नदीला तिचे काम करू द्यायचे असेल, तर आधी आपले काम आपणच करायला हवे.