यादीत नसलेला पाइप

मेकॅनिकल, केमिकल किंवा मेटलर्जीला असाल, तर प्लेसमेंटच्या गप्पांमध्ये हे तुम्ही ऐकलंच असेल : 'डिझाइनला जा, डेटाला जा, इन्स्पेक्शनला कशाला? आयुष्यभर पाइप मोजत बसणार का?' माझं मत नेमकं उलटं आहे. पाइप मोजणं सोपं आहे. कुठला मोजायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवणं अवघड आहे, आणि तिथे हुशार मुलामुलींची गरज आहे.

जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्राचं उदाहरण घ्या. ९ ऑगस्ट २००४. तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत कंत्राटी कामगार पाच दिवसांनी सुरू होणाऱ्या तपासणीची तयारी करत होते. अचानक छताजवळचा एक मोठा पाइप फाटला. आतलं सुमारे १४० अंश सेल्सिअसचं पाणी बाहेर पडताच त्याची वाफ झाली. पाच जणांचा जीव गेला, सहा जण जखमी झाले. हे पाणी अणुभट्टीतलं नव्हतं, त्यामुळे किरणोत्सर्ग झाला नाही. माणसं भाजून गेली.

पाइप कार्बन स्टीलचा, मूळ जाडी १० मिलिमीटर. प्रवाह मोजण्यासाठी बसवलेल्या ऑरिफिस प्लेटच्या पुढे पाण्यात भोवरे होतात. तिथे पोलादावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळत जातो आणि धातू आतून झिजत राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. फाटला तेव्हा सगळ्यात पातळ जागी तो अर्धा मिलिमीटरही उरला नव्हता.

मग ही झीज मोजायचं तंत्र नव्हतं का? होतं की! अल्ट्रासोनिक जाडीमापक म्हणजे पाइपची सोनोग्राफीच. जेल लावायचं, प्रोब टेकवायचा. ध्वनिलहर आतल्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी कळते. पाइप कापायला नको की फोडायला नको. धोकाही माहीत होता. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सरी केंद्रात असाच झिजलेला पाइप फुटून चार कामगार दगावले होते.

तरीही १९७६ मध्ये युनिट सुरू झाल्यापासून मिहामातली ती जागा एकदाही मोजली गेली नाही. कारण? तपासायच्या जागांची यादी करताना ती सुटली होती. २००३ मध्ये ही चूक लक्षात आली. मोजणी मात्र पुढच्या तपासणीत, म्हणजे त्या ऑगस्टमध्ये करायचं ठरलं.

कारखान्यात अनेक किलोमीटर पाइप असतात, सगळे दर वर्षी मोजणं शक्य नाही. म्हणून 'रिस्क-बेस्ड इन्स्पेक्शन' करतात. पाइप फुटायची शक्यता किती आणि फुटला तर नुकसान किती, या दोन्हींवरून क्रम लावायचा. आपण परीक्षेआधी 'आयएमपी' काढतो ना, तसंच. पद्धत चांगलीच आहे. पण आयएमपी काढायला आधी पूर्ण सिलॅबस हातात लागतो. तुमच्या झेरॉक्समध्ये एक चॅप्टरच नसेल, तर त्यातला प्रश्न आयएमपी आहे की नाही हे कळणार कसं? सॉफ्टवेअर कितीही भारी असू द्या, यादीत नसलेल्या पाइपची रिस्क ते काढू शकत नाही. त्यासाठी ड्रॉइंग हातात घेऊन प्लांटमध्ये लाइनमागून लाइन फिरावंच लागतं.

आपल्याकडेही तारापूर, रसायनी, लोटे इथल्या औद्योगिक वसाहती आता जुन्या झाल्या आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिटला जाल तेव्हा सेल्फी जरूर काढा. पण दोन प्रश्नही विचारा. पाइपांची यादी प्रत्यक्ष फिरून शेवटची कधी तपासली? आणि यादीतून काही सुटलंय हे कळलं, तर मोजायला किती दिवस थांबता? उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर ओशाळू नका. उद्या त्याच्या जागी बसून ते उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.