आयर्नच्या आधी मीटर

दुरुस्तीच्या दुकानात नवीन मुलगा आला की पहिल्या काही दिवसांत त्याच्या हाती बहुधा एकच काम येते. स्टॅबिलायझर, चार्जर किंवा राउटरचा इंडिकेटर लागत नाही, तेवढा एलईडी बदलायचा. टाके दोनच आणि एलईडीची किंमत मोजकेच रुपये, त्यामुळे शिकवण्यात कोणी वेळ घालवत नाही. मुलगा आयर्न तापवतो, टाक्यावर दाबून धरतो आणि एलईडी ओढतो. एलईडी निघतो, पण त्याच्याबरोबर तांब्याचा पॅडही उखडतो.

हे काम हलके समजून कोणाच्याही गळ्यात टाकणे चुकीचे आहे. नीट शिकवले तर नवशिक्यासाठी याहून चांगला पहिला धडा नाही, कारण मोजणे, दिशा ओळखणे आणि उष्णतेवर ताबा ठेवणे हे तिन्ही त्यात आहे.

मोजण्यापासूनच सुरुवात व्हावी. निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. तेव्हापासून आजवर हा घटक इतका टिकाऊ झाला आहे की दहा मिलिअँपिअरवर चालणारा इंडिकेटर सहसा आपणहून मरत नाही. दिवा लागत नाही, तेव्हा अनेकदा दोष दुसरीकडेच असतो: ड्राय सोल्डर, ओपन झालेला रेझिस्टर किंवा बसलेली 5 व्होल्टची लाइन. चालू बोर्डावर एलईडीच्या दोन पायांवर मीटर लावावे. लाल एलईडीवर सुमारे 2 व्होल्ट दिसले तर तो उजळायलाच हवा. पूर्ण 5 व्होल्ट दिसले तर एलईडी ओपन आहे. शून्य आले तर एकतर पुरवठा पोहोचत नाही किंवा एलईडी शॉर्ट आहे. एवढ्या एका मोजणीने कित्येक बोर्ड विनाकारण तापायचे वाचतात. डायोड मोडवर निळा किंवा पांढरा एलईडी उजळला नाही म्हणून त्याला लगेच मृत ठरवू नये. त्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात आणि अनेक मीटर त्या मोडवर तेवढे देतच नाहीत.

रंगाचा मुद्दा इथूनच निघतो. ‘लाल नको, निळा लावा’ असे गिऱ्हाईक सहज सांगते. 5 व्होल्टच्या सर्किटला 330 ओहमचा रेझिस्टर असेल तर लाल एलईडीतून साधारण 9 मिलिअँपिअर वाहतात आणि निळ्यातून साडेपाच. आजचे निळे एलईडी तेवढ्यावरही छान दिसतात. पण सर्किट 3.3 व्होल्टचे असेल तर निळा जेमतेम मिणमिणेल. काही ऑडिओ अँप्लिफायरमध्ये तर बोर्डावरचा लाल एलईडी दाखवण्यासाठी नसतोच. त्याच्यावर पडणाऱ्या 1.8 व्होल्टच्या आधाराने शेजारच्या ट्रान्झिस्टरचा करंट ठरलेला असतो. तिथे निळा लावला की तो करंट दुपटीवर जातो आणि ट्रान्झिस्टर तापू लागतो. दिवा कॅबिनेटच्या आत, बाहेरून न दिसणाऱ्या जागी असेल, तर रंग बदलण्याआधी सर्किट वाचावेच.

आता टाका सोडवणे. कथील-शिशाचे 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळते, बिनशिशाचे सुमारे 217 अंशांना. युरोपात 1 जुलै 2006 पासून शिशावर निर्बंध आले, आणि त्यानंतरच्या बहुतेक कंपनी-बोर्डांवर बिनशिशाचेच टाके असतात. म्हणून साध्या 25 वॉटच्या आयर्नने टाका हलत नाही, मुलगा जोर लावतो आणि पॅड जातो. उपाय सोपा आहे. जुन्या टाक्यावर आधी फ्लक्स आणि थोडे शिशाचे सोल्डर घालावे. मिश्रण कमी तापमानाला वितळते. मग एकेक पाय आळीपाळीने ढिला करावा आणि भोक सकरने किंवा विकने साफ करावे. इथे घाई करू देऊ नये. भंगारातला बोर्ड देऊन हा भाग हातात बसेपर्यंत करून घ्यावा.

नव्या एलईडीचा लांब पाय अॅनोड. पाय कापलेले असतील तर कडेची सपाट बाजू कॅथोडची. आतली मोठी वाटी बहुधा कॅथोडची असते, पण सगळ्याच बनावटींत नाही, म्हणून शेवटचा शब्द मीटरचा. पाय वाकवताना बुंध्याशी पक्कडीने धरावा, नाहीतर ताण इपॉक्सीच्या आत पोहोचतो. आधी एकाच पायाला टाका द्यावा, पॅनेलच्या भोकात उंची बसते का पाहावी, मगच दुसऱ्याला. प्रत्येक टाक्याला तीन सेकंद पुरे.

एसएमडी एलईडी नंतर. 0603 आकाराचा तुकडा 1.6 बाय 0.8 मिलिमीटरचा असतो. त्यावरची हिरवी खूण बहुधा कॅथोड दाखवते, तरी इथेही मीटर लावलेच पाहिजे.

पहिले बोर्ड अॅडॉप्टरवर चालणारेच द्यावेत. 230 व्होल्टच्या एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तो रेझिस्टरने उतरवायचा असतो, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून नव्हे. एक्स्टेन्शन बोर्डातला नारिंगी दिवा अनेकदा निऑन असतो. त्याच्या जागी नुसता एलईडी बसत नाही, हेही आधीच सांगून ठेवावे. टेबलाशी खिडकी किंवा पंखा हवा, कारण रोझिनचा धूर फुप्फुसांना त्रास देतो. आणि शिशाचे सोल्डर हाताळल्यावर, डबा उघडण्याआधी, मुलाने साबणाने हात धुतले की नाही हे उस्तादाने स्वतः पाहावे.