इंदूरला जमते ते परभणीला का जमू नये?

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण अभिमानाने म्हटली की थट्टेने, हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखावे लागते. अलीकडे मात्र परभणी जिल्ह्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बोलण्यात जर्मनीची जागा इंदूरने घेतली आहे. उज्जैनचा महाकाल, ओंकारेश्वर, महेश्वरचे घाट आणि शेवटी इंदूर, अशी सहल सेलू-मानवतपासून गंगाखेड-पूर्णेपर्यंत अनेक घरांतून घडते. परतलेली मंडळी महाकालाच्या दर्शनाइतक्याच भक्तिभावाने इंदूरच्या रस्त्यांचे वर्णन करतात.

वर्णन खोटे नाही. रात्री सराफ्यातल्या पेढ्यांची दारे लागली की त्यांच्या ओट्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, जिलबी. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. एवढ्या गर्दीत आपला परभणीकर पाहुणा रिकामा द्रोण हातात धरून कचऱ्याचा डबा शोधत हिंडतो. घरी असताना हाच गृहस्थ चालत्या गाडीतून पुडी भिरकावतो (तीही बहुधा गुटख्याची, ज्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे!). माणूस तोच, हात तोच. दोन दिवसांत त्याच्यावर कोणते संस्कार झाले?

खरा प्रश्न पुढे आहे. घरी आल्यावर सहलीचे वर्णन एका ठरावीक वाक्यापाशी येऊन थांबते : "तिकडचे लोकच शिस्तीचे, आपल्याकडे हे होणे नाही." हे वाक्य नम्रतेचे वाटते, पण ते तसे नाही. त्यात आपल्याच समाजाची निंदा आहे आणि स्वतःची सोयीस्कर सुटकाही आहे. सिंगापूरचे उदाहरण दिले की 'छोटा, श्रीमंत देश, तिथे च्युइंगगमवरही १९९२ पासून बंदी' असे म्हणून विषय संपवता येतो. इंदूरबाबत तो बचाव चालत नाही. होळकरांची ही नगरी आपल्याला परकी नाही. अहिल्यादेवी तर नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या. तिथली भाषा, सण, खाणेपिणे, गोंगाट, सारे आपल्याच जातकुळीचे आहे.

शिवाय इंदूर पूर्वीपासून असे नव्हते. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते पंचविसाव्या क्रमांकावर होते. २०१७ मध्ये पहिले आले आणि त्यानंतर २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिले राहिले (२०२३ ला सुरतेसह). सुरतेचेही तेच. १९९४ च्या प्लेगने बदनाम झालेले ते शहर पुढच्या दोन-तीन वर्षांत ओळखू येऊ नये इतके पालटले. लोकांचा स्वभाव वर्षभरात बदलत नसतो, व्यवस्था बदलू शकते.

इंदूरने नेमके काय केले, हे सहलीला गेलेल्यांनी क्वचितच पाहिलेले असते, कारण ते सकाळी घडते. कचऱ्याची गाडी रोज, ठरल्या वेळी, दारात येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक असा सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा घेतला जातो. दारात गाडी नेमाने येऊ लागल्यावर मोहल्ल्यांतील मोठ्या कचराकुंड्या हटवल्या गेल्या, कारण कुंडी असली की तिच्याभोवती उकिरडा होतोच. दंड त्यानंतर. ओल्या कचऱ्यापासून देवगुराडिया येथील प्रकल्पात वायू तयार होतो. दिवसाला ५५० टन क्षमतेच्या या प्रकल्पाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. आपण वेगळा करून दिलेला कचरा पुढे पुन्हा एकत्र होत नाही, ही खात्री पटल्यावरच गृहिणी तो वेगळा करते. तिला उपदेशाची गरज नसते.

आपल्याकडे हा क्रम उलटा असतो. आधी फलक, मग दंडाची घोषणा, नंतर छायाचित्रासह बातमी, आणि गाडी आली तर आली. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. कायदा कडक होता, हेतू चांगला होता. आज कोणत्याही तालुक्याच्या आठवडी बाजारात जाऊन भाजी घ्यावी आणि ती कशात बांधून मिळते ते पाहावे.

आपला समाज बेशिस्त आहे, हे मान्य करणे तर अगदीच कठीण आहे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाते. परभणीकर, गंगाखेडकर तिच्या स्वागताला रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात. टाळकऱ्यांच्या रांगा मोडत नाहीत. शेगावच्या मंदिरात आळीपाळीने सेवेला येणारे सेवेकरी खेड्यापाड्यांतलेच असतात. घरी केर काढायला न उठणारा तरुण तिथे हातात झाडू घेतो, कारण तिथे काम नेमून दिलेले असते, वेळ ठरलेली असते आणि ते काम हलके मानले जात नाही. ज्या गंगाखेडात जनाबाईंचा जन्म झाला, तिथे झाडलोट हलकी कशी ठरेल? पण नगरपालिकेचा सफाई कामगार दारात आला की आपण त्याला पाणी तरी विचारतो का?

इंदूरचे कौतुक डोळे मिटून करण्याचेही कारण नाही. २०२५ च्या अखेरीस तिथल्याच भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून लोक आजारी पडले आणि काहींचे प्राण गेले. पाहुण्याला दिसणारा रस्ता चकचकीत होता, जमिनीखालची नळवाहिनी कोणी पाहिली नव्हती. आपल्या गावांतल्या जुन्या वाहिन्यांची अवस्था याहून बरी असेल, असे मानायला कोणताही आधार नाही.

तेव्हा इंदूर पाहून आलेल्यांनी सराफ्याची छायाचित्रे जरूर दाखवावीत. पण एकदा गल्लीतल्या चार घरांना बरोबर घेऊन आपल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचाराव्यात. घंटागाडी आमच्या दारात किती वाजता येईल? वेगळा केलेला कचरा पुढे कुठे जातो, ते आम्हाला पाहता येईल का? आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी गटाराजवळून जिथे जिथे जाते, तिची तपासणी शेवटची कधी झाली? उत्तर लेखी मागावे. पुढच्या महिन्यात पुन्हा जावे.