कपिलधारच्या वाटेवर इरावतीबाई

‘ह.भ.प.’ म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. ‘शि.भ.प.’ मात्र छापखान्यातली चूक वाटते. माझ्या एका लेखात मुद्रितशोधकांनी इमानेइतबारे ‘शि’चा ‘ह’ करून टाकला होता. शिवभक्तपरायण असं काही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कार्तिकी पौर्णिमेला आम्ही कपिलधारला पायी जातो. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात, धबधब्याच्या सोबतीला मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ लिहून वीरशैव लिंगायतांचा विचार मराठी ओवीत आणणारी आमची मन्मथमाऊली. नांदेड, लातूर, परभणीकडून दिंड्या येतात. सीमेपलीकडून कानडी, तेलुगू बोलणारेही येतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टरही त्याच दिवसांत रस्त्याला लागलेले असतात.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, तेव्हा पहिला तास इरावती कर्व्यांचा असे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या नदीवरून नाव, मुंबईत घुर्यांच्या हाताखाली शिक्षण, बर्लिनची पीएच.डी., १९३९पासून डेक्कन कॉलेज. एवढं पोरं पाठ करत. मला घाई असे ती त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखापाशी पोचण्याची. बाई पंढरीच्या दिंडीत स्वतः चालल्या. दिवसभर एका टाळावर अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसतात, हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं.

त्याच लेखात त्या म्हणतात की, ज्या भूमीतले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. इथं माझं बाईंशी भांडण आहे. माझी आजी पंढरीला कधी गेली नाही. कपिलधार तिनं चुकवलं नाही. मग ती कुठली?

गंमत अशी की, आजीला जागा बाईंनीच करून ठेवली होती. १९५३च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त त्यांनी नात्यागोत्यांच्या चालीवरून देशाचे पट्टे पाडले. मामा-भाचीचं लग्न ही दक्षिणेची चाल, आणि महाराष्ट्र म्हणजे उत्तर-दक्षिणेचा सांधा. आजीचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं होतं. सासूला ती शेवटपर्यंत ‘आज्जी’च म्हणायची, कारण ती होतीच आज्जी! तो सांधा मी पुस्तकाआधी आमच्या चुलीपाशी पाहिला.

पण बाईंवर बोट ठेवायचं तर त्यांचीच मोजपट्टी आपल्यालाही लावावी लागते. आमच्या दिंडीत वाणी, माळी, कोष्टी, गुरव, जंगम सगळे एका पंगतीला बसतात, याचा मला अभिमान आहे. पण सोयरिकीची गोष्ट निघाली की जातिभेद नाकारणाऱ्या बसवण्णांचं नाव घेणारी तोंडंही हळूच पोटजात विचारतात. आणि पंगत लिंगायतांपाशीच संपते.

मराठवाड्यातल्या कॉलेजांतले समाजशास्त्राचे प्रकल्प बहुतेक मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले असतात. सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, यंदा पोरांना कार्तिकीला दोन दिवस चालवा. कोण कुणाशेजारी जेवलं, एवढंच लिहून आणायला सांगा.

मी तीन वर्षं ही नोंद ठेवली आहे. रस्त्याकडेला ट्रॅक्टर उभा करून भाकरी सोडणाऱ्या ऊसतोड्यांना आमच्या पंगतीत हाक मारल्याची त्यात एकही ओळ नाही. मीही मारली नव्हती.